शुभ्र दात आणि निरोगी दात
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



शुभ्र दात म्हणजेच निरोगी दात, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु ती यथार्थ नव्हे. दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, अर्धपारदर्शक असते व त्याखालील डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो. वयोमानाने कवच झिजते आणि आतला पिवळेपणा अधिक दिसू लागतो. तो घासून जाणार कसा? उलट, राखुंडी किंवा कोळशाच्या पुडीने कवचच झिजते, लिंबाच्या आम्लाने ते विरघळते. आणि गेलेले कवच शरीर पुन्हा घडवीत नाही. मशेरी तर सर्वथैव त्याज्य. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. घरी भाजलेली मशेरी मात्र अद्याप सुटलेली नाही, आणि तिच्यापासून मुखकर्करोगाचे भय आहे.

चहा-पानाचे वरवरचे डाग दंतवैद्याने केलेल्या सफाईने जातात. मूळ रंग उजळावयाचा असल्यास १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा लेप दातांच्या मापाच्या साच्यात भरून रात्री लावतात. १९८९ पासून रूढ झालेली ही पद्धत दंतवैद्याच्या देखरेखीखाली सुरक्षित ठरली आहे. दात काही दिवस शिवशिवतात, एवढेच. तत्पूर्वी कीड व हिरड्यांचे विकार बरे करावेत. एकच दात काळवंडला असेल, तर आतील नस मृत झाली असण्याचा संभव असतो. तेथे आधी उपचार हवा.

म्हणून रंगाची चिंता करण्यापूर्वी दात एकदा तपासून घ्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.