आराखडा कुणाचा, यंत्र कुणाचे?



लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतले की लोखंडी नांगर आणि १९१० साली उजाड माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी डोळ्यांसमोर येते. त्याआधीचा एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. चित्रकलेच्या ओढीने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले, तेव्हा ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाच्या या अग्रणीच्या हाती हातोडीच्या आधी पेन्सिल होती. वस्तू प्रथम कागदावर सिद्ध होते आणि मग लोखंडात उतरते, हे ज्याला ठाऊक होते त्यानेच कारखाना काढला.

आज कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. कॅड म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले संकल्पन आणि कॅम म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले उत्पादन. ही दोन अक्षरत्रये आता पॉलिटेक्निकच्या पोरालाही पाठ असतात. तरीही एक गैरसमज टिकून आहे. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर गेले, त्याऐवजी पडदा आणि माऊस आला, काम लवकर होऊ लागले, एवढाच बदल झाला असे पुष्कळांना वाटते. १९८२ साली ऑटोकॅड आल्यानंतर कित्येक वर्षे त्याचा वापरही असाच झाला. मुळातला फरक वेगळा आहे. कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये वस्तू नसते, तिच्या निरनिराळ्या बाजूंची चित्रे असतात. वरून, समोरून, कडेने. त्यांवरून अखंड वस्तू मनात उभी करणे हे वाचणाऱ्याचे काम. पॅटर्नमेकर ती आपल्या परीने उभी करतो, टर्नर आपल्या परीने. संगणकातील घन-प्रतिकृतीत वस्तू पूर्णपणे वर्णिलेली असते. तिचे वजन विचारता येते, हवे तेथे छेद घेऊन आत पाहता येते, भोकाचा व्यास बदलला तर त्यावर अवलंबून असलेली मापे आपोआप बदलतात. त्याच प्रतिकृतीवरून कटरने कोणत्या वाटेने, किती वेगाने, किती खोल जायचे याचा आलेख तयार होतो आणि तो सीएनसी यंत्राला आज्ञांच्या रूपाने दिला जातो. विचारापासून धातूपर्यंत वर्णन एकच राहते. मधल्या माणसाने अर्थ लावण्याची, आणि म्हणून चुकीचा अर्थ लावण्याची, जागा कमी होते.

ही साखळी कुणा एका विद्यापीठात जन्मली नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी या लहानशा गावी जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवत. महाविद्यालयीन पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पात्याची वक्ररेषा अचूक उतरवण्यासाठी आराखड्यातील मोजके बिंदू पुरत नसत, म्हणून त्यांनी हिशेबाच्या पंचकार्ड यंत्रांवर मधले शेकडो बिंदू काढून घेतले. पुढे एक जण आकडे मोठ्याने वाची, दुसरे दोघे यंत्राच्या दोन चाकांवर बसून तितकेच फिरवीत. हा खटाटोप पाहून हसू येईल. पण यंत्राला आकड्यांनी चालवण्याची कल्पना येथेच रुजली. १९४९ साली अमेरिकन वायुदलाने पैसा दिला, एमआयटीने बुद्धी पुरवली आणि १९५२ साली आकड्यांनी चालणारे मिलिंग यंत्र जगासमोर आले. म्हणजे कॅमचा पाया आधी घातला गेला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढणारा आयव्हन सदरलँड यांचा ‘स्केचपॅड’ त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६३ साली आला.

फ्रान्समधली कथा अधिक बोधप्रद आहे. पिएर बेझिए हे रेनॉ या मोटार कंपनीत १९३३ पासून नोकरीस होते. त्या काळी मोटारीचा आकार ठरे तो असा: कलाकार रेखाटन करी, त्यावरून मातीची प्रतिकृती होई, त्यावरून मोठी रेखाचित्रे, त्यांवरून प्लास्टरचा नमुना आणि त्यावरून डाय. प्रत्येक पायरीवर कुणीतरी हाताने वक्ररेषा ‘गुळगुळीत’ करी. शेवटी दरवाजा आणि चौकट जुळली नाही की वाद पेटे: खरे माप कोणते? कलाकाराचे, प्लास्टरचे, की डायमेकरचे? बेझिए यांनी वक्राकाराला गणिताचे सूत्र दिले. मोजक्या नियंत्रक बिंदूंनी संपूर्ण वक्र ठरावा, बिंदू सरकवला की वक्रही सरकावा आणि कलाकाराला त्यासाठी बीजगणित शिकावे लागू नये. त्यांची ‘युनिसर्फ’ प्रणाली १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेनॉमध्ये वापरात आली. आता वाद मिटवायला सूत्र होते. सित्रोएन या प्रतिस्पर्धी कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ सालीच हेच गणित मांडले होते. परंतु कंपनीने ते गुपित म्हणून कुलपात ठेवले आणि वक्राला नाव मिळाले ते बेझिए यांचे. ज्ञान कोंडून ठेवणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा असेच येते.

हे सारे किती दूर नेता येते, ते बोइंग कंपनीने ७७७ या विमानाच्या वेळी दाखवले. १२ जून १९९४ रोजी प्रथम उडालेले हे विमान जवळजवळ संपूर्णपणे संगणकावर संकल्पित झाले आणि जोडणीही आधी संगणकातच करून पाहिली गेली. त्यातली मोलाची गोष्ट संगणकाबाहेरची होती. संकल्पन करणारे, कारखान्यात घडवणारे आणि पुढे देखभाल करणारे यांना आरंभापासून एकाच गटात बसवले गेले. मेकॅनिकचा हात एखाद्या नटापर्यंत पोहोचेल का, हे पाहण्यासाठी पडद्यावर संगणकीय माणूससुद्धा उभा केला होता.

याच्या उलट अनुभव एअरबसला आला. महाकाय ए-३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा होत्या. हॅम्बुर्ग येथील अभियंते कॅटिया या प्रणालीची जुनी आवृत्ती वापरत होते, तर तुलूझ येथील नवी. दोहोंमधील माहिती नीट जुळेना. जर्मनीत सिद्ध झालेल्या तारांच्या जुड्या फ्रान्समध्ये विमानात बसवताना तोकड्या पडू लागल्या. २००६ साली विलंबामागून विलंब जाहीर झाले, वरिष्ठांना पदे सोडावी लागली आणि पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये, नियोजनापेक्षा जवळजवळ दोन वर्षे उशिरा, सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेले. संगणक दोन्हीकडे उत्तम होते. वर्णन एक नव्हते.

योगायोग असा की याच ए-३८० च्या घडणीत भारतीय बुद्धीचाही वाटा आहे. बंगळूर येथे १९८४ साली स्थापन झालेल्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीपुढे तेजस या हलक्या लढाऊ विमानाचे आव्हान होते. त्याच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे. ते घडते कापडासारख्या थरांवर थर रचून. प्रत्येक थर सपाट कापायचा आणि वक्र पृष्ठभागावर सुरकुती न पडता बसवायचा. शिंप्याच्या कटिंगसारखेच हे काम. फक्त येथे चूण पडली तर पंख दुबळा होतो. यासाठी एजन्सीने ‘ऑटोले’ ही प्रणाली विकसित केली आणि पुढे एअरबसने तिचा परवाना विकत घेतला. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम आकाशात झेपावले. मधल्या काळात, १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर, अमेरिकेने निर्बंध घातले आणि उड्डाण-नियंत्रणाच्या कामासाठी तेथे गेलेल्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले होते. ते काम येथेच पूर्ण झाले.

पुण्याची इंडिका हेही याच अंगाने पाहण्यासारखे उदाहरण. निसान कंपनीचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना टाटांनी विकत घेतला, सुटा करून जहाजाने आणला आणि पुन्हा उभारला. यंत्रे अशी पेटाऱ्यांत भरून आणता येतात. आराखडा तसा आणता आला नसता. बाह्यरूपासाठी तुरीनच्या एका संकल्पन-संस्थेची मदत घेतली गेली, हे खरेच. तथापि गाडी अंगोपांगांसह घडवण्याची जबाबदारी पुण्याच्या अभियंत्यांची होती. १९९८ च्या अखेरीस गाडी बाजारात आली, तक्रारींचा पाऊस पडला आणि २००१ साली सुधारलेली ‘व्ही-टू’ आली. दोष स्वतःचे होते, तशी दुरुस्तीची मुभाही स्वतःचीच होती.

विमाने आणि मोटारी मोठ्यांच्या गोष्टी वाटतील, म्हणून कोल्हापूरकडे वळू. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये रोज ओतकाम चालते. तेथील जुनी डोकेदुखी अशी: वितळलेला धातू थिजताना आकसतो. जाड भाग शेवटी थिजतो, तेथे धातू कमी पडतो आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. ती भरून काढण्यासाठी साच्यात राइजर ठेवतात, म्हणजे जादा धातूचा साठा. हा राइजर कास्टिंगनंतरच थिजला पाहिजे. तो लहान झाला तर पोकळी उरते, मोठा झाला तर फुकट धातू वितळवल्याचे विजेचे बिल येते. पूर्वी हे उस्तादाच्या नजरेवर चाले. पॅटर्न करायचा, ओतायचे, कापून बघायचे, पुन्हा पॅटर्न बदलायचा. पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी ‘ऑटोकास्ट’ ही एतद्देशीय प्रणाली विकसित केली. ती घन-प्रतिकृतीवरून धातू कोठे शेवटी थिजेल ते दाखवते आणि राइजर बसवून पाहता येतो, तोही एक थेंब धातू न ओतता. लहान फाउंड्रीला परवडेल आणि समजेल अशी रचना हा त्यामागचा हेतू. तरीही वाळूत ओल किती, भट्टीतून निघालेला धातू साच्यापर्यंत येईतो किती थंड होतो, हे संगणकाला कुणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा तो उस्तादच. त्याला बाजूला सारून केवळ तरुण ऑपरेटरच्या भरवशावर प्रणाली चालवणारे पडद्यावर सुंदर रंग पाहतात आणि भंगार वाढवतात.

आता थोडे कटू वाटणारे. भोसरी, चाकण, सातपूर येथे सीएनसी यंत्रांची वाण नाही. पण पुष्कळ ठिकाणी काम असते ते जॉबवर्कचे: फाइल बाहेरून येते, यंत्र चालते, माल जातो आणि तासाच्या दराने पैसे मिळतात. यात कमीपणा मुळीच नाही. हजारो घरे यावर उभी आहेत. धोका निराळा आहे. ज्या फाइलवर भोसरीचे यंत्र चालते, तीच फाइल थोडाफार बदल करून व्हिएतनाममधील यंत्रावरही चालू शकते. पूर्वी कौशल्य कारागिराच्या हातात होते, ते गाव सोडून जात नसे. आता त्याचा बराचसा भाग आज्ञांच्या रूपात प्रवास करतो. ज्याच्याकडे केवळ यंत्र आहे, त्याचे काम अधिक नवे यंत्र असलेला नेऊ शकतो. ज्याच्याकडे आराखडा आहे, त्याला यंत्र भाड्यानेही मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय आणि मोल्ड घडवण्याचे शिक्षण कॅड-कॅमसह मिळते. तेथून येणाऱ्या मुलांना केवळ ऑपरेटर म्हणून उभे करायचे, की ग्राहकाच्या भागात सुधारणा सुचवायला बसवायचे, हा निर्णय कारखानदाराचा.

प्रणालींच्या परवान्यांचाही विचार व्हावा. २०२२ साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर ऑटोडेस्क, पीटीसी, दासो, सीमेन्स या कंपन्यांनी रशियातील व्यवसाय थांबवला किंवा आवरता घेतला. रशियाकडे ‘कोम्पास’ ही स्वतःची प्रणाली आणि तिच्या मुळाशी स्वतःचे भूमिती-गणित होते, म्हणून हाताशी काही उरले. दुसऱ्याच्या प्रणालीवर काम करणे आज अपरिहार्य असले, तरी आपली प्रतिकृती केवळ त्या प्रणालीच्या भाषेत ठेवू नये. १९९४ पासून ‘स्टेप’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणित स्वरूप उपलब्ध आहे. प्रत्येक महत्त्वाच्या भागाची एक प्रत त्यात काढून वेगळी जपावी. त्या प्रतीत आकार टिकतो. तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हेतूने घडला, हे मात्र बहुधा उतरत नाही. ही भिंत चार मिलिमीटरचीच का, हे भोक येथेच का, या मापाला मुभा इतकीच का, हे संकल्पकाने त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचे असते.