सेविका घडते, तेव्हा अंगणवाडी घडते
(वडूज, जि. सातारा येथे अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्यापुढे झालेले भाषण)



येरळेकाठचे वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. ज्या स्वराज्यासाठी त्यांनी प्राण वेचले, त्या स्वराज्याची पहिली ओळख खेड्यातील मुलाला कोठे होते? चावडीवर नव्हे, प्राथमिक शाळेतही नव्हे. ती होते अंगणवाडीच्या उंबऱ्यावर. तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने सेविका हेच सरकार होय.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिने अंगणवाडीकडे सोपविल्या. यांपैकी पहिल्या पाच सेवांची नोंद आकड्यांत होते. वजन काट्यावर दिसते, लस कार्डावर दिसते. परंतु एखाद्या अबोल मुलाने आज प्रथमच प्रश्न विचारला, हे कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणूनच दिवस अपुरा पडला, की पहिली कात्री लागते ती शिक्षणाला. पूर्वी रजिस्टरे होती, २०२१ पासून मोबाईलवरील पोषण ट्रॅकर आला. नोंदीचे ओझे हलके होण्याऐवजी वेळेवरचा ताण कित्येक ठिकाणी वाढला. नोंदी आवश्यकच आहेत. परंतु नोंद ही मुलासाठी आहे, मूल नोंदीसाठी नव्हे.

या उणिवेची किंमत मूल मोजते. मेंदूच्या एकूण वाढीपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केले आहे. ही वर्षे पुन्हा येत नाहीत. आपल्या गावी काही होत नाही असे वाटले, की पालक तीन वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिल देऊन अक्षरे गिरविणाऱ्या वर्गात घालतात. त्या वयात बोटांचे स्नायू पुरते तयार झालेले नसतात. चिंचोके वेचणे, माती मळणे, ज्वारीच्या धाटांची गाडी करणे ही लेखनाचीच पूर्वतयारी आहे. हे पालकांना पटवून देण्यासाठी सेविकेला ते स्वतः नीट उमगलेले असावे लागते. तिच्या अभ्यासाची गरज येथेच सुरू होते.

या कामाचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. मुलांना नाहूमाखू घालणे, त्यांचे केस विंचरणे हाही तेथे शिक्षणाचाच भाग होता. महागड्या परदेशी साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने झाली. पुढे कोसबाड येथे आदिवासी पाड्यांत हे काम विस्तारले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. या कामात त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या अनुताई वाघ या मूळच्या प्राथमिक शिक्षिका. नोकरी सांभाळीत त्या रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर पदवीधर झाल्या. दिवसा शिकवीत असता त्यांनी स्वतः शिकणे थांबविले नाही. कोसबाडने दिलेला धडा हाच आहे: साधने गावात सापडतात, मात्र ती वापरणारी दृष्टी सतत जोपासावी लागते.

ही दृष्टी एका प्रशिक्षणाने येत नाही. २०२० च्या धोरणाने बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि इतरांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचविला आहे. त्याबरोबरच महिन्यातून निदान एक संपर्क वर्ग घ्यावा, असेही म्हटले आहे. या शेवटच्या तरतुदीचे मोल सर्वांत अधिक आहे.

त्यासाठी फार मोठा खर्च नको. महिन्याच्या बैठकीतील अर्धा तास केवळ मुलांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक सेविकेने एकाच मुलाचे महिनाभर निरीक्षण करावे: ते कोणाशी खेळते, कशाला घाबरते, घरच्या बोलीत काय सांगते, आणि ते बैठकीत मांडावे. माणदेशी बोली बोलणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ असे दटावले, तर ते नीट बोलत नाही, गप्प बसते. आधी त्याच्या शब्दांत त्याचे ऐकून घ्यावे. प्रमाण भाषा मागाहून येतेच. मुख्यसेविकेने भेटीच्या दिवशी रजिस्टर उघडण्यापूर्वी अर्धा तास मुलांत बसावे. आणि मदतनीस भगिनीला या शिक्षणातून वगळू नये. मुलाचा हात धरून त्याला आत आणणारी व्यक्ती पुष्कळदा तीच असते.

सेविकेने शिकावे अशी अपेक्षा धरताना समाजानेही आपले कर्तव्य ओळखावयास हवे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस या उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. त्यांचे काम हा फावल्या वेळचा परोपकार नव्हे, हेच त्यातून अधोरेखित झाले. ग्रामपंचायतीने अंगणवाडीला पाणी, सावली व स्वच्छतागृह द्यावे. पालकांनी महिन्यातून एक तास तेथे येऊन बसावे. शासनाने प्रशिक्षणाचा दिवस कामाचाच दिवस मानावा.

खटाव तालुक्याने दुष्काळ पुष्कळ पाहिले आहेत. पाऊस पडेल तेव्हा पडेल. परंतु पेरणीपूर्वी मशागत करून ठेवण्याची शिस्त येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. तीन ते सहा हे वय मशागतीचे वय आहे. ती मशागत ज्या हातांनी व्हावयाची, ते हात जाणते व्हावेत आणि त्यांचा मान राखला जावा, एवढेच आजचे मागणे आहे.