काठीभोंवतींचें कवच

सोलापुरांत मकरसंक्रांतीस श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि नंदिध्वजांच्या सात उंच काठ्या मिरवणुकीनें निघतात. काठी तोलून धरणाऱ्यास वरची तार, बाजूची फांदी, पुढें आलेला सज्जा यांचें सतत भान राखावें लागतें. आतां अशी कल्पना करावी, कीं एखाद्या तरुण आज्ञावलीकारानें ही मिरवणूक संगणकाच्या पडद्यावर चालती करण्याचें मनांत घेतलें आहे. संगणकास डोळे नाहींत. काठी तारेस लागली कीं नाहीं, हें त्यास केवळ आंकड्यांवरून ठरवावें लागतें. तेंही सेकंदास ६० चित्रें दाखवीत असतां.

पडद्यावरील एकेक वस्तु हजारों लहान त्रिकोणांची बनलेली असते. वस्तु १,००० असल्या तर त्यांच्या जोड्याच ४,९९,५०० होतात. प्रत्येक त्रिकोण ताडून पाहूं म्हटलें, तर मिरवणूक जागची हलावयाची नाहीं. म्हणून प्रत्येक वस्तूभोंवतीं एक साधें कवच कल्पितात. त्याचा नियम एकच, पण तो मोडतां येत नाहीं. वस्तूचा कोणताही भाग कवचाबाहेर राहतां कामा नये. मग दोन कवचें एकमेकांस शिवलीं नाहींत, तर आंतील वस्तूही शिवल्या नाहींत; काम तेथेंच संपलें. कवचें शिवलीं, तर मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं. आंत शिरून बारीक तपासणी करावी लागते. पडद्यावर चुकलें तर हंसूं होतें. कारखान्यांतील रोबोचा हात याच गणितावर चालतो, तेथें माणसास इजा होते.

सर्वांत स्वस्त कवच गोलाचें. मध्यांतील अंतर त्रिज्यांच्या बेरजेहून अधिक आहे काय, एवढेंच पाहावयाचें. वस्तु कशीही फिरली तरी गोल बदलत नाहीं. चेंडूस हें उत्तम. काठीस? हिशेबापुरती काठी ३० फूट लांब व अर्धा फूट जाड धरली, तर तिच्या अंगाबरोबर बसणारी पेटी साडेसात घनफुटांची होते, आणि तिला वेढणारा गोल १४,००० घनफुटांहून मोठा! त्यांत दोन्ही बाजूंचीं घरें सांपडतात, आणि संगणक पावलोपावलीं ‘कदाचित्’ म्हणत बारीक तपासणीस बसतो.

दुसरें कवच रस्त्याच्या दिशांशीं समांतर अशा पेटीचें. सहा तुलनांत निकाल लागतो. काठी ताठ उभी असेपर्यंत याहून चांगलें कांहीं नाहीं. पण ती पुढें ४५ अंशांनीं कलली, कीं पेटी फुगून सुमारें २३३ घनफूट होते. काठीबरोबर कलणारी पेटी साडेसातच राहते. मात्र अशा दोन पेट्या विलग आहेत हें ठरविण्यास १५ दिशांपर्यंत तपासावें लागतें. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांतील गॉटशाल्क, लिन व मनोचा यांनीं १९९६ मध्यें अशा पेट्यांची वृक्षासारखी उतरंड रचून दाखविली. (मनोचा हे दिल्लीच्या आय. आय. टी.चे पदवीधर.) एकेका तपासणीचा खर्च वाढला तरी ‘नाहीं’ हें उत्तर लवकर मिळूं लागलें, तर एकंदर खर्च घटतो, असा त्यांचा हिशेब, वस्तु एकमेकींच्या अगदीं लगत असतां तो विशेष पटतो.

काठीपुरतें बोलावयाचें तर दोन्ही टोकांस गोलावलेलें, लाटण्यासारखें कवच तिला सर्वांत शोभतें. तारेसही तसेंच घालावें. तार झोल खात असेल तर तिचे तुकडे पाडावे. मग दोन रेषाखंडांमधील कमींत कमी अंतर काढलें कीं झालें.

एक धोका यांतही उरतो. काठी हातची सुटून कोसळली, तर भुईजवळ येतां तिच्या शेंड्याचा वेग सेकंदास ५० फुटांहून अधिक होतो. दोन चित्रांमध्यें शेंडा १० इंच खालीं येतो. काठी तर सहाच इंच जाड. वाटेंतील बारीक दोरी एका चित्रांत काठीच्या खालीं, पुढच्यांत वर, आणि टक्कर कोठेंच नोंदली जात नाहीं. याकरितां सावध आज्ञावलीकार काठीची आधीची व नंतरची जागा, मधल्या वाटेसह, एकाच कवचांत घेतो.