चाचांच्या अकरा वह्या

(सोलापुरातील स्मरणसभेत केलेले भाषण)



माझ्या आधी बोललेल्या दोघांनी चाचांना फरिश्ता म्हटलं. प्रेमापोटी म्हटलं, हे मला कळतं. पण चाचा फरिश्ता नव्हते. ते लवकर चिडायचे. रागावले की दोन-दोन आठवडे फोन उचलायचे नाहीत. बिनसाखरेचा चहा मागायचे आणि वर चार खारी खायचे. ज्यांना रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर बसून बोलणी खावी लागली आहेत, ते आता हसतायत, बघा. मला त्याच चाचांबद्दल बोलायचंय.

इथे बसलेल्या बऱ्याच मुलामुलींनी त्यांना म्हातारपणीच पाहिलं, म्हणून थोडं सांगतो. चाचा गिरणीत टाइमकीपर होते. कोण आलं, कोण नाही, कुणाचा खाडा, कुणाची रात्रपाळी, हे सगळं हजेरीपुस्तकात लिहायचं, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली. पुस्तक लिहायची सवय मात्र गेली नाही. 1990 साली आपल्या शहरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मांडवात खुर्च्या मांडणाऱ्यांत ते होते. व्यासपीठावर कधीच चढले नाहीत. आज त्यांच्यावर भाषणं चालली आहेत हे कळलं असतं, तर पहिला प्रश्न विचारला असता, "माइकचं भाडं कोन दिया रे?"

माझी त्यांची ओळख कागदामुळेच झाली. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका कार्यालयात आमच्या सात जणांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज अडकले होते. मोर्चा काढायचा असं आम्ही ठरवलं आणि चाचांनी यावं म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, "नियम वाच्या क्या?" कुणीच वाचला नव्हता. मग त्यांनी माझ्याकडून माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेतला. मी पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'आमची शिष्यवृत्ती का दिली नाही?' त्यांनी ते खोडलं. म्हणाले, 'का' विचारलंस तर उत्तर येणार नाही. कायदा तुला कागद देतो, कारण देत नाही. अर्ज कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर होता, त्यावर काय टिपणी झाली, तिची नक्कल माग. कारण त्या नकलेत आपोआप सापडतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. तीस दिवस आम्ही धुमसत होतो. अठ्ठाविसाव्या दिवशी नक्कल आली. सातही अर्जांवर एकच शेरा होता : नावात तफावत.

ही 'नावात तफावत' म्हणजे चाचांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं काम. ती कशी होते, ते मला त्यांनी समजावलं. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे उर्दू शाळेच्या दाखल्यावरचं नाव तलाठ्याच्या किंवा रेशन दुकानाच्या कागदावर मराठीत येताना, जसं ऐकू आलं तसं उतरतं. एकाच घरात महंमद, मोहम्मद आणि मोहंमद सापडतात. मग कुणीतरी त्याचं इंग्रजी करतं. शेखमध्ये कुणी ए-आय घालतं, कुणी ई-आय. बाईच्या नावापुढचं 'बी' कधी नावाला चिकटतं, कधी आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, पण विडी कारखान्याच्या रजिस्टरमध्ये बापाचंच राहतं. माणूस एकच, पण कागदावर चार माणसं. त्या चौघांपैकी एकालाही पैसे मिळत नाहीत.

सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. 2001 सालच्या आकड्यांनुसार मुस्लिमांची साक्षरता 59.1 टक्के आणि देशाची सुमारे 65, हे आपण सगळे भाषणात सांगतो. चाचांनी तो अहवाल माझ्याकडून छापून घेतला आणि कित्येक महिने वाचला. मग म्हणाले, हे देशाचं झालं, आपल्या गल्लीचं कुठे आहे? आणि त्यांनी वही केली. एका घराला एक पान. घरातला प्रत्येक माणूस, आणि त्याच्या नावाची जेवढी म्हणून रूपं कागदांवर आहेत तेवढी सगळी. दाखला, रेशन कार्ड, मतदार यादी, विडी कामगाराचं ओळखपत्र. आधार क्रमांक मात्र वहीत लिहायचा नाही आणि कुणाचा मूळ कागद रात्री आपल्या घरात राहू द्यायचा नाही, हे दोन नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले होते. आमच्या कंपनीत माहितीच्या सुरक्षिततेवर दरवर्षी सक्तीचं प्रशिक्षण असतं. त्यातलं बरंच मी आधीच ओसरीवर शिकलो होतो.

नोकरी लागल्यावर मी त्यांना म्हणालो, चाचा, वह्या कशाला, मी प्रोग्राम लिहितो. उच्चारावरून नावं जुळवायची. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "एका गल्लीत तीन रशीदा आहेत. तुझ्या मशीनला कसं कळणार?" मी म्हणालो, जन्मतारखेवरून. ते इतके हसले की ठसका लागला. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर 1 जून टाकून मोकळे होतात. त्या गल्लीतली अर्धी माणसं 1 जूनला जन्मली होती. प्रोग्राम मी पुढे लिहिला आणि तो कामालाही येतो. पण त्या तीन रशीदांना वेगळं करायला कुणाला तरी त्यांच्या दारात जावंच लागतं.

त्यांपैकी एकीची गोष्ट सांगतो. विड्या वळून आयुष्य गेलं आणि भविष्य निर्वाह निधी नावामुळे अडकला. चाचांनी तिच्यासाठी अर्ज केला नाही, तिच्याकडून करून घेतला. जॉइंट डिक्लरेशनचा फॉर्म, मालकाची सही, जुनं ओळखपत्र. प्रत्येक वेळी तिला सोबत घेऊन गेले. खिडकीपाशी तिनंच बोलायचं आणि चाचांनी मागे उभं राहायचं. चौदा महिने लागले. मी एकदा वैतागून म्हटलं, तुम्ही एकटे गेला असतात तर पाच महिन्यांत झालं असतं. ते म्हणाले, "हौ. आणि पुढच्या वेळी ती परत माझ्याच दारात आली असती." ती आज इथे, तिसऱ्या रांगेत बसलीय. गेल्या वर्षभरात तिनं शेजारच्या चार बायकांचे फॉर्म भरून दिलेत.

मी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं येतो. या गाडीचं नाव कशावरून, हे ते प्रत्येक नव्या मुलाला विचारायचे. उत्तर आलं नाही की 12 जानेवारीला त्याला हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी घेऊन जायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 1931 साली येरवड्यात एकाच दिवशी चौघांना फाशी झाली. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, हे मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. तिथेही चाचा भाषण करायचे नाहीत. चार नावं मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि निघायचे.

शेवटची तीन वर्षं ते माझे गुरू कमी आणि मित्र जास्त होते. रात्री साडेदहाला फोन यायचा. काम नसायचंच. "जेवलास?" एवढंच विचारायचं असायचं, आणि मग अर्धा तास. माझं लग्न, माझ्या नोकरीची धाकधूक, अब्बांचं आजारपण, सगळं त्यांना माहीत होतं. त्यांच्या मनात काय चाललंय, ते फारसं बोलायचे नाहीत. चाची गेल्यावर फक्त एकदा म्हणाले होते की घरात भांडायला कुणी उरलं नाही. आता साडेदहा वाजले की मी फोन हातात घेतो, आणि मग ठेवून देतो. याला चाळीस दिवस पुरत नाहीत.

त्यांच्या नावानं सभागृह व्हावं, अशी सूचना मघाशी आली. व्हायचं तर होवो. माझ्या मनात वेगळीच काळजी आहे. चाचा गेल्यापासून पाच रविवार ओसरी बंद आहे. भाभी सांगत होत्या, लोक येतात, कुलूप बघतात, थोडा वेळ उभे राहतात आणि जातात. अकरा वह्या त्यांनी जपून ठेवल्यात. अकराव्या वहीत नऊ घरं अर्धी आहेत. त्यात दोन मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत आणि एक विधवा पेन्शन आहे. मी पुण्याहून महिन्यातून दोनदाच येऊ शकतो. बाकीचे रविवार तुमच्यापैकी कुणीतरी घ्यायचेत. मराठी नीट लिहिणारे तीन जण आणि उर्दू वाचता येणारं एक जण मिळालं तर भागेल. मुली आल्या तर फार बरं, कारण बायका त्यांच्यापाशी मोकळेपणानं सांगतात.

भाभींनी किल्ली द्यायचं कबूल केलंय. या रविवारी सकाळी दहाला या. पेन निळं आणा. काळ्या शाईवर चाचा चिडायचे, झेरॉक्स कुठली आणि मूळ कुठली ते कळत नाही म्हणून.