पेढे वाटून झाल्यावर

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सोसायटीतील अभियंता लेकी-सुनांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज आपण आपल्या सोसायटीतल्या इंजिनिअर लेकी-सुनांचा सत्कार केला. शाल-श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या, फोटोही झाले. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा इंजिनिअर म्हटलं की पाटबंधारे खात्यातले नाहीतर वीज मंडळातले एखादे साहेब डोळ्यांपुढे यायचे. आज ओळीनं मुली उभ्या होत्या. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी बांधकाम खात्यात, कुणी महावितरणमध्ये, तर एक आपल्याच कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकी शिकलेली. ऊर भरून आला.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. सगळं आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा थोडं हिशेबाचंच बोलतो.

ए. ललिता या आपल्या देशातल्या अगदी पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक. पंधराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी वैधव्य आलं, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी लेकीला तिथंच शिकवलं आणि १९४० च्या दशकात त्या इलेक्ट्रिकलच्या पदवीधर झाल्या. पुढं भाक्रा-नांगलच्या कामालाही त्यांचा हात लागला. नोकरीसाठी त्यांनी कलकत्ता निवडलं, कारण तिथं त्यांचा भाऊ राहत होता आणि लेकीला सांभाळायला घरात माणसं होती. बापानं शिकवलं आणि भावाच्या घरानं नोकरी टिकवली, असा हा हिशेब आहे.

आता महाराष्ट्रातलं उदाहरण. साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबातल्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. मालगाडी, लोकल, डेक्कन क्वीन असं करत १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. सप्टेंबर २०२५ अखेर निवृत्त झाल्या तेव्हा ३६ वर्षांची सेवा झाली होती. इंजिनावरची ड्यूटी म्हणजे रात्र नाही, दिवस नाही. घरी पती पोलीस खात्यात आणि दोन मुलं. पेपरात बातमी वंदे भारतची आली. मला त्या ३६ वर्षांचं कौतुक जास्त वाटतं.

शिकायची सोय आता पुष्कळ झाली. १९९१ साली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं पुण्यात खास मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, ते आजचं कमिन्स कॉलेज. शासनानं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. आमच्या वेळी हे असतं तर कितीतरी बापांच्या बँकेतल्या चकरा वाचल्या असत्या.

त्यातल्या एका बापाची गोष्ट सांगतो. मी कर्ज विभागात होतो. जिंतूरकडचे एक शेतकरी लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागायला आले. सोबत आजोबा होते. आजोबांनी विचारलं, "साहेब, पोरगी लग्न होऊन गेली तर हप्ते कोण भरणार?" मी म्हटलं, "बाबा, तीच भरील. शिकणार ती, कमावणार ती." आणि खरंच, पोरीनं एक हप्ता चुकवला नाही. मुदतीच्या आधी कर्ज फेडलं आणि पेढे घेऊन शाखेत आली. दोन वर्षांनी तिचे वडील भेटले. म्हणाले, "बाळ झालं. सांभाळायला कुणी नाही. नोकरी सोडली." सासर चांगलं, नवरा चांगला, कंपनीनंही काढलं नव्हतं. फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाळ कुठं ठेवायचं, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. बँकेच्या वहीत ते खातं उत्तम म्हणून बंद झालं. चार वर्षांचं शिक्षण मात्र घरात पडून राहिलं.

कायद्यानं २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघरही हवं. पण कंत्राटदाराच्या ऑफिसात माणसंच दहा, तिथं कुठलं पाळणाघर? म्हणजे बाळ सहा महिन्यांचं झाल्यापासून बालवाडीत जाईपर्यंत अडीच-तीन वर्षं आईची कसोटी. ३६ वर्षांच्या नोकरीत तीन वर्षं म्हणजे बारावा हिस्सा. या बाराव्या हिश्श्यासाठी उरलेले अकरा हिस्से सोडून द्यायचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपलं सभागृह लग्नकार्य, हळदीकुंकू आणि वार्षिक सभा सोडली तर दिवसभर कुलूपबंद असतं. तिथं पाळणाघर चालवू या. पगार देऊन दोन अनुभवी ताई नेमू, आई-बापांकडून माफक फी घेऊ. आपण निवृत्त मंडळी सकाळ-संध्याकाळ आळीपाळीनं लक्ष ठेवू. नाहीतरी कट्ट्यावर बसून आपण काय करतो? हिशेबाची वही मी लिहीन, एक पैसा न घेता. येत्या वार्षिक सभेत हा विषय मी लेखी मांडणार आहे. अनुमोदन तेवढं तुम्ही द्या.

दुसरी विनंती बिनखर्चाची आहे. साइटवरून एखादी सून रात्री साडेनऊला गेटातून आत आली, तर "एवढा उशीर?" असं विचारू नका. "जेवलीस का?" एवढं विचारा. सासूबाईंनो, जावईबापूंनो, हे तुम्हालाही लागू आहे.

आणि मुलींनो, मदत मागायला लाजू नका. बदली आली, शिफ्ट आली, मूल आजारी पडलं, तर आमच्या दाराची बेल वाजवा. राजीनामा लिहायला बसाल, त्याच्या आधी वाजवा. अॅडमिशनचे पेढे आम्ही आनंदानं खाल्ले आहेत. तुमच्या पंचवीस वर्षांच्या सेवेचे पेढेही याच सभागृहात खायचे आहेत. आम्ही असू, नसू. पेढे मात्र वाटा.