दोन शेळ्यांच्या पैशांत मुंबई

मंडळी, उन्हाळी धान कापून झाले, तेंदूच्या पानांचा हंगाम उरकला, की आपल्या इटियाडोहाच्या परिसरात दोन-तीन आठवडे जरा सैल जातात. लग्ने असतात, पण लग्नांत काही सगळेच दिवस जात नाहीत. शाळा बंद असते. पोरे जलाशयाच्या काठाने हुंदडतात आणि घरी आली की एकच लकडा लावतात, "आपण कुठं जाऊ?" मास्तरांच्या घरी हा प्रश्न जास्तच मोठ्याने विचारला जातो, कारण मास्तर वर्गात भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून सांगत असतात, ही मुंबई, हा अरबी समुद्र. पोर म्हणते, छडी पुरे झाली, आता दाखवा.

मीही असाच एक मास्तर. एका मे महिन्यात आम्ही पाच माणसे गोंदियाहून मुंबईला जाऊन आलो: मी, घरधनीण, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई. एकंदर बेत बारा हजारांचा. आईला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "कायले बाप्पा येवढा पैसा? येवढ्यात दोन शेळ्या येतेत." तिचा हिशेब चुकीचा नव्हता. जिने उमर तेंदूची पाने तोडून आणि चिखलात रोवणी करून काढली, तिला दोन शेळ्या डोळ्यांसमोर दिसतात, मुंबई दिसत नाही. म्हणून मी वही काढली आणि तिच्यापुढेच खर्च मांडला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो. भाव त्या वर्षीचे आहेत, आज थोडे वाढलेले असतील. मांडणी मात्र कामी येईल.

आगगाडीचे जाण्यायेण्याचे ५,२०० रुपये. गावाहून गोंदियाला जाऊन येण्याचे ६००. मुंबईत फिरण्याचे १,०००. खाण्यापिण्याचे २,६००. तिकीट काढून पाहायच्या जागांचे ६००. ज्यांच्या घरी उतरायचे, त्यांच्या लेकरांसाठी कापड १,०००. आणि आल्यागेल्या अडचणीला १,०००, ते वेगळे बांधून घरधनिणीजवळ. मुक्कामाचे भाडे यात नाही, कारण माझा चुलतभाऊ डोंबिवलीला राहतो. ते भाडे असते तर बेत बाराचा अठरावर गेला असता, आणि मग आईपुढे वही उघडण्याची माझी हिंमत झाली नसती.

आता आगगाडीचे बोलू, कारण बारा हजारांतला मोठा वाटा तिचाच. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारी निघते आणि सकाळी मुंबईला पोचते. परत येताना मुंबईहून संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोंदियाला सोडते. दोन्ही रात्री गाडीत जातात, म्हणजे दोन मुक्काम फुकटचे. ती कल्याणलाही थांबते. कल्याण-डोंबिवलीकडे उतरणाऱ्याने उगीच मुंबईपर्यंत जाऊन पुन्हा मागे येऊ नये. साध्या शयनयानाचे भाडे माणशी पाचशे रुपयांच्या थोडे अलीकडे-पलीकडे पडले. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडत असे. म्हणजे मेच्या मध्याला जायचे तर मार्चच्या मध्यालाच, सकाळी आठला खिडकी उघडताच, तिकीट निघाले पाहिजे. आपल्याकडे मार्चमध्ये कोणी मे महिन्याचा विचार करत नाही. वार्षिक परीक्षा असते, मार्चअखेरची कामे असतात. पण तिकीट तेव्हाच मिळते. आणि परतीचे तिकीट त्याच दिवशी. परतीचे नसेल, तर जायचेही काढू नका. माणूस शहरात अडकतो तो तिथेच.

दोन गोष्टींवर बरेच लोक फसतात. रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. आजीचे तिकीट अर्ध्यात येईल असे धरून चालू नका. आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे पडते. जागा नको असेल तरच अर्धे. हा नियम एप्रिल २०१६ पासूनचा. आम्ही मुलाची जागा घेतली. रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसण्यात जी बचत होते, ती दुसऱ्या दिवशी त्याच्या आणि आपल्या चिडचिडीत खर्च होते. एस.टी.चे मात्र उलट आहे. मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट, पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांच्या माणसांना अर्धे, आणि पंचाहत्तरीपुढे ऑगस्ट २०२२ पासून फुकट. त्यामुळे आमचा गोंदियापर्यंतचा खर्च बराच खाली आला. तुमच्या सोयीने अर्जुनी किंवा वडसा स्टेशनावरून गोंदियाची गाडीही धरता येते; फक्त मधे तीन-चार तासांची फुरसत ठेवा, जोडगाडीचा भरवसा धरू नका.

दिवस कोणते निवडावे? मुंबईत मेमध्ये पारा आपल्यापेक्षा दहा अंश खाली असतो, पण घाम वाळत नाही. आपली झळ वेगळी आणि तिथला उबारा वेगळा. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, म्हणून जूनमध्ये जाऊ, गर्दी कमी असेल, असे एखाद्याच्या मनात येते. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे पावसाळा लागतो. २०२५ साली तर तो २६ मे रोजीच पोचला होता. मेचा पहिला पंधरवडा बरा.

मुक्कामाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण यात पैशापेक्षा माणुसकीचा संबंध जास्त आहे. मुंबईकडच्या नातेवाइकाचे घर म्हणजे बहुधा एक खोली आणि एक स्वयंपाकघर. पाणी ठरलेल्या वेळी येते. घरातला कर्ता पहाटे निघतो आणि रात्री येतो. अशा घरी पाच माणसे उतरवायची तर आधी महिनाभर विचारावे, आणि "या" म्हणताना समोरचा जरा थबकला, तर आपणच समजून घ्यावे. दोन रात्रींच्या वर राहू नये. आम्ही जाताना दहा किलो एचएमटी तांदूळ नेला. हे वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे आपल्याच शेजारचे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे. वहिनीने पातेल्यात तांदूळ वैरला, वास दरवळला आणि म्हणाली, "भाऊजी, सकाळचं आंघोळीचं पाणी मी काढून ठेवते, तुम्ही काळजी करू नका." तांदळाने पाण्याची सोय केली असे मी म्हणत नाही, पण हात हलवत गेलो असतो तर मला तिच्याकडे बघवले नसते.

ज्यांचे कोणी नाही, त्यांनी काय करावे? मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या विश्रांतीच्या खोल्या असतात. हाती पक्के तिकीट असेल तर त्या आगाऊ नोंदवता येतात. आमदार निवासात जागा मिळेल, या आशेवर लेकरे घेऊन निघू नका. मिळाली तर उत्तम, नाही तर रात्र रस्त्यावर. आणि एक विनंती. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, स्वस्त आहे, असे तुम्हांला कोणी सांगेल. ती टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला आलेल्या गरिबांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी आहे. आपल्याही तालुक्यातून लोक तिथे जातात. ती खाट सहलीला आलेल्याने मागू नये.

गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी निघण्याआधी भेटलो होतो. ही मंडळी १९७२ पासून आपल्या शेजारी आहेत, आणि हिवाळ्यात लोकरी कपडे विकायला दूरदूरच्या शहरांत जातात. परमुलखात कसे राहावे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. ते म्हणाले, "मास्तर, प्रत्येकाच्या खिशात कागद पाहिजे. नाव, गाव, फोन. मोठ्याच्या पण." मी तसे केले. आईच्या लुगड्याच्या ओच्याला कागद पिनेने टोचला तेव्हा ती हसली. पण पहिल्या लोकलमध्ये चढताना तिचा हात त्या कागदावर होता, हे मी पाहिले.

लोकलविषयी घरीच सराव करा. खरेच सांगतो. स्टेशनात गाडी अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. आम्ही अंगणात दोन रेघा ओढून चढण्या-उतरण्याचा क्रम बसवला होता: आधी मुलगी, मग आई, मग मुलगा आणि घरधनीण, शेवटी मी. आणि ठराव असा, की कोणी गाडीत राहिलेच, तर पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच उभे राहायचे, बाकीच्यांनी पुढच्या गाडीने तिथे जायचे; आणि कोणी फलाटावर राहिले, तर त्याने हलायचे नाही. लेकरू हरवलेच तर १०९८, रेल्वेत १३९, एरवी ११२, हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्या. सकाळी साडेदहानंतर निघावे आणि परतताना संध्याकाळी पाचच्या आत किंवा रात्री नऊनंतर गाडी धरावी. मधल्या वेळेत तिथले लोक कामाला जातात-येतात. त्यांच्या पायात आपण येऊ नये. लोकलचे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते, त्यावर कितीही वेळा फिरता येते. खिडकीवर नाव घेऊन मागा, आपण होऊन कोणी सांगत नाही. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले, वातानुकूलित बसचे सहाचे बारा. तरी टॅक्सीपुढे ते काहीच नाही.

आता माझी चूक सांगतो. मुलाला पेंग्विन पाहायचे होते. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, खर्चाला सोपे. आई-बाप आणि दोन मुले मिळून शंभर रुपयांत आत जातात. आम्ही दुसऱ्या दिवशी उन्हात तिथे पोचलो, तर फाटक बंद. बुधवार होता, आणि बुधवारी बाग बंद असते. गावच्या बाजाराचा वार चुकवत नाही तो माणूस मुंबईचा वार बघायला विसरला! मुलगा फाटकाच्या गजांना धरून रडला. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे मी लिहून नेले होते. पण आम्ही तिकडे जाणारच नव्हतो, पाच जणांचे नावेचे भाडेच हजारावर जात होते. तुम्ही गेलात तर पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचे तिकीट पडत नाही. नावेत मात्र जीवरक्षक जाकीट मागून घ्या, नुसते उशाला ठेवू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच वाटेवर मोठा अपघात होऊन माणसे गेली.

तर फाटक बंद. काय करावे? आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गेलो. ती इमारत १८८७ सालची, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाहेरून पाहायला पैसा लागत नाही. पाटीवरच्या मगरी-माकडांपेक्षा तिथल्या दगडातली माकडे मुलाला बरी वाटली, रडे थांबले. सावलीत बसून घरचे लाखोरीचे वडे आणि चिवडा खाल्ला. तिथून चालत हुतात्मा चौकात गेलो, मुलांना संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट सांगितली, आणि ऊन उतरल्यावर बसने मरीन ड्राइव्हला.

आई कठड्यापाशी उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. जन्मभर तिने तलाव पाहिले होते, नवेगावबांध पाहिला होता, इटियाडोहाचे धरण तर तिच्या डोळ्यांदेखत बांधले गेले. शेवटी तिने मला विचारले, "याची पाळ कोठं हाये?"

मी म्हणालो, "याला पाळ नाही, आई."

"मग हे पाणी थांबते कशानं?"

मुलगी भूगोलात हुशार. ती भरती-ओहोटी सांगायला लागली. आई ऐकत होती, पण नजर पाण्यावरच होती. वडिलांनी मला शाळेत असताना कबूल केले होते की तुझी नोकरी लागली की तिघे मिळून समुद्र पाहू. नोकरी लागली, मग बहिणीचे लग्न, मग विहीर, मग घराची कौले. वडील तेवढ्यात गेले. दरवर्षी दोन शेळ्यांचे काहीतरी दुसरे होत गेले. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही, आणि साडेनऊच्या लोकलने डोंबिवलीला परतलो. खर्च, पाच जणांचा चहा आणि भेळ.

गुरुवारी बाग उघडी होती. पेंग्विन झाले. सामान स्टेशनावरच्या ठेवीच्या खोलीत कुलूप लावून ठेवले होते, ते घेऊन संध्याकाळची गाडी धरली.

ज्यांच्याजवळ बारा हजार नाहीत, त्यांनी नागपूर पाहावे, असे मी म्हणेन. पण मेमध्ये नव्हे, दिवाळीच्या सुटीत. दीक्षाभूमी, १८६३ सालचा अजब बंगला, रमण विज्ञान केंद्र, आणि मेट्रोत एक फेरी, एवढे एका मुक्कामात सहज होते. अजब बंगला सोमवारी बंद असतो, हेही आता मी वार पाहून सांगतो आहे. मेमध्ये दुपारी पंचेचाळीस अंशांत लेकरांना दगडी रस्त्यांवरून फिरवण्यात कसली मौज?

घरी आल्यावर आईने वही मागितली. तिला वाचता येत नाही, नातीकडून वाचून घेतली. अकरा हजार तीनशे चाळीस खर्च, सहाशे साठ शिल्लक. ते सहाशे साठ तिने माझ्याकडून मोजून घेतले, आणि पुढच्या आठवडी बाजारातून दोन कोंबड्या आणल्या.