हा स्पर्श कुणाचा?



रिक्षा-टॅक्सी बोलावण्याचं ॲप उघडलं की नकाशा दिसतो. वर पत्ता शोधायची पट्टी, खाली बटण. बटण दाबता येतं, नकाशा सरकवता येतो. यात काय विशेष? विशेष हे, की पट्टी आणि बटण पुष्कळदा एकाच पारदर्शक थरावर बसवलेली असतात आणि त्या थराने सगळा नकाशा झाकलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला मात्र आडवा येतो.

आयफोनमध्ये बोट टेकलं की प्रत्येक थराला विचारणा होते, सगळ्यात वरच्याला आधी: हा बिंदू तुझ्या हद्दीतला का? याला हिट-टेस्ट म्हणतात. लपवलेला किंवा अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, ०.०१ च्या खाली गेलेला थर या विचारणेतून आपोआप वगळला जातो. पण ज्याची नुसती पार्श्वभूमी पारदर्शक आहे, तो हजर असतोच. बरं, त्याचा स्पर्शच बंद केला तर? मग त्याच्यावरची बटणंही मुकी होतात! म्हणून जाणता प्रोग्रामर हिट-टेस्टच आपल्या हातात घेतो. उत्तर ‘बटण’ आलं तर ते तसंच ठेवायचं. उत्तर ‘मी स्वतः’ आलं, तर ‘कुणी नाही’ असं सांगून मोकळं व्हायचं. स्पर्श आपसूक नकाशाला मिळतो.

अँड्रॉइडचा कारभार सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा. स्पर्श साहेबाच्या टेबलावरून कारकुनाकडे जातो, पण साहेब तो मध्येच परत मागवू शकतो. यादीतल्या बटणावर बोट ठेवलंत, तर स्पर्श आधी बटणाचा. तेच बोट थोडं वर सरकलं की यादी तो काढून घेते आणि बटणाला ‘रद्द’ असा निरोप जातो. यादी सरकवताना भलतंच काही उघडत नाही, ते यामुळे.

नकाशासाठी वापरलेली, स्पर्श खाली सोडण्याची युक्ती भामटेही वापरतात. वर दुसरंच चित्र पसरायचं आणि खालचं परवानगीचं बटण तुमच्याकडून दाबून घ्यायचं. दुसऱ्या ॲपच्या दाट आच्छादनातून खाली जाणारे स्पर्श २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून प्रणालीच अडवते. त्याच्या कितीतरी आधीपासून, वर झाकण असेल तर स्पर्श नाकारायचा, असं एकेका बटणाला सांगण्याची सोय आहे. ती एका ओळीत लिहिता येते. पैसे पाठवण्याच्या बटणावर ती ओळ नसेल, तर मी त्याला आळसच म्हणेन.